छावणीचे दार आणि मांडव्याचा धावपटू : अविनाश साबळे यांच्या कारकिर्दीचा इतिहास

१/
सप्टेंबर २०१८, भुवनेश्वर. राष्ट्रीय खुल्या मैदानी स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसची शर्यत संपली आणि गोपाल सैनी यांचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. हा विक्रम १९८१ सालचा. सदतीस वर्षे तो अबाधित होता. तो मोडणारा जवान अवघ्या चोवीस वर्षांचा होता. त्याचे नाव अविनाश मुकुंद साबळे. गाव मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड.

२/
मित्रहो, आजचा हा दीर्घ थ्रेड साबळे यांच्या जीवनाविषयी आणि कारकिर्दीविषयी आहे. त्यांची पदके आपणांस ठाऊक असतील. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र दोन वेगळे प्रश्न पडतात. एक विक्रम मोडायला या देशाला सदतीस वर्षे का लागली? आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा त्या शर्यतीच्या आरंभरेषेपर्यंत नेमका कोणत्या वाटेने पोहोचला? ‘जिद्द’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे.

३/
प्रथम शर्यत समजून घेऊ. तीन हजार मीटरच्या या शर्यतीत धावपटूला अठ्ठावीस वेळा लाकडी अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर असते. साध्या हर्डल्सप्रमाणे हा अडथळा धक्क्याने आडवा होत नाही. तो जागेवर घट्ट उभा असतो. पाय अडकला तर पडतो तो धावपटूच. पाण्याच्या अडथळ्यावर पाय रोवून पुढे झेप घ्यायची आणि खड्ड्याच्या उथळ कडेला उतरायचे, असा रिवाज आहे. ओले, जड झालेले बूट घेऊनच उरलेली शर्यत पुरी करावी लागते.

४/
या शर्यतीचा उगम अश्वारोहणात आहे. १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोघा स्वारांनी एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत पैज लावून घोडे पिटाळले, असे सांगतात. वाटेत येतील ती कुंपणे, भिंती, ओढे ओलांडायचे. मनोरा म्हणजे ‘स्टीपल’, म्हणून हे ‘स्टीपलचेस’. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी हा खेळ घोड्यावरून उतरवून पायांवर आणला. १९०० साली तो ऑलिंपिकमध्ये आला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकपासून त्याचे अंतर तीन हजार मीटर झाले.

५/
अँटवर्प हे नाव लक्षात ठेवा. त्याच ऑलिंपिकमध्ये, २२ ऑगस्ट १९२० रोजी, मॅरेथॉनमध्ये एक मराठी मुलखातला धावपटू धावत होता : बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. त्या वर्षीचे अंतर आजच्यापेक्षा अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेन यांनी ती शर्यत जिंकली. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत ती पूर्ण केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला.

६/
चौगुले तिथवर गेले कसे? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहताना सर दोराबजी टाटा यांच्या लक्षात आले की येथे धावणारी मुले शेतकरी घरांतली आहेत, अनवाणी धावत आहेत, युरोपीय नियम वा शास्त्रशुद्ध सराव यांचा त्यांना गंधही नाही. तरी लांब पल्ल्यातली त्यांची वेळ दखल घेण्याजोगी आहे. टाटांनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यापर्यंत हा विषय नेला, स्वतः पैसा घातला आणि मोजके धावपटू व मल्ल अँटवर्पला रवाना झाले.

७/
म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच निदान झाले होते : पाय आहेत, छाती आहे, पण सराव, आहार आणि मार्गदर्शक नाहीत. १९२० मध्ये ही उणीव एका उद्योगपतीने आपल्या खिशातून भरून काढली. अशा औदार्यावर एखादा संघ उभा राहतो, परंपरा उभी राहत नाही. पुढच्या काळात ती परंपरा उभी केली ती एका निराळ्याच संस्थेने. त्या संस्थेकडे आपण येऊच. आधी मांडव्याला जाऊ.

८/
अविनाश साबळे यांचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. आष्टी हा बीड जिल्ह्याचा पश्चिमेकडचा, अहिल्यानगरला लागून असलेला तालुका. पर्जन्यछायेचा प्रदेश. थोडी शेती, बेभरवशाचा पाऊस, आणि हंगाम संपला की कुणी ऊसतोडीला तर कुणी वीटभट्टीवर. साबळे यांचे आई-वडील वीटभट्टीवर काम करीत. घर ते शाळा हे अंतर सुमारे सहा किलोमीटरचे होते आणि वाहनाची सोय नव्हती. लहानगा अविनाश ते कधी चालत, कधी धावत कापी.

९/
येथे एक मोह टाळायला हवा. ‘शाळेसाठी धावला म्हणून विजेता झाला’ ही कथा ऐकायला गोड आहे. पण मराठवाड्यातली हजारो मुले शाळेसाठी तेवढेच चालली, धावली. त्यांतली बहुतेक आज ट्रॅकवर नाहीत. दारिद्र्य धावपटू घडवीत नाही. ते बहुधा धावपटू गिळून टाकते. ज्या एकाचे नाव आपल्याला कळते, त्याच्या बाबतीत काय वेगळे घडले, हे शोधणे हे आपले काम.

१०/
वेगळे घडले ते असे : बारावीनंतर साबळे सैन्यात भरती झाले. त्यामागे ऑलिंपिकचे स्वप्न नव्हते. घरी नियमित पगार यावा, हा साधा हेतू होता. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्यावर येऊन पाहा. मुले सोळाशे मीटरचा सराव करताना दिसतात. ती पदकासाठी धावत नसतात, भरतीसाठी धावत असतात. आपल्याकडचे सर्वांत मोठे धावण्याचे शिबिर कोणत्याही क्रीडासंकुलात भरत नाही. ते या डांबरी रस्त्यांवर भरते.

११/
साबळे महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये दाखल झाले. २०१३-१४ मध्ये सियाचिनच्या हिमनदीवर, नंतर राजस्थानच्या वाळवंटात आणि २०१५ मध्ये सिक्कीममध्ये त्यांची नेमणूक होती. या काळात ते खेळाडू नव्हते. इतर जवानांसारखे जवान होते. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून तो मनात जपून ठेवा.

१२/
आता थोडे मागे जाऊन ‘छावणी’ या शब्दाकडे पाहू. मी ज्या परिसरात राहून हे लिहीत आहे त्याचे नावच छावणी आहे. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची, ही लष्करी वसाहत खाम नदीच्या बाजूला उभी राहिली. येथे निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाखालची ‘हैदराबाद कंटिन्जंट’ फौज राहत असे. तिच्या खर्चासाठीच १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड कंपनीच्या हवाली करावे लागले. जून १८५७ मध्ये येथल्याच घोडदळाने बंड केले आणि ते मोडायला जनरल वुडबर्नची तुकडी चालून आली.

१३/
महाराष्ट्रात आज सात कटक मंडळे आहेत : पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, कामठी आणि आमचे हे संभाजीनगर. जुन्या शहराच्या गर्दीपासून दूर, रुंद रस्ते, कवायतीचे मैदान, वेळेचा काटेकोरपणा, ही छावणीची रचना. ब्रिटिश लष्करात खेळ हा शिस्तीचाच एक भाग मानला जाई. पलटणी-पलटणींत धावण्याच्या, विशेषतः रानोमाळ धावण्याच्या, शर्यती होत. स्वातंत्र्यानंतर राजवट बदलली, पण पलटणींतली ही प्रथा भारतीय सैन्यात टिकून राहिली.

१४/
त्याचा परिणाम आपल्या क्रीडाइतिहासात जागोजागी दिसतो. मिल्खा सिंग यांना धावण्याची दिशा सापडली ती सिकंदराबादच्या लष्करी केंद्रात. जास्तीच्या पेलाभर दुधाच्या आशेने आपण धावलो, हे ते स्वतः सांगत. पानसिंग तोमर हे रुडकीच्या बंगाल इंजिनिअर्सचे. त्यांचीही शर्यत स्टीपलचेसच; सात वेळा ते राष्ट्रीय विजेते झाले आणि १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत धावले. चित्रपटामुळे आपण त्यांची बंदूक लक्षात ठेवली, शर्यत विसरलो.

१५/
हे भारतापुरतेच नाही. स्टीपलचेसवर ज्या केनियाने दीर्घकाळ राज्य केले, तेथले किप केइनो हे १९७२ चे विजेते पोलीस दलातले होते. केनियातही पोलीस, लष्कर आणि तुरुंग खाते यांनी धावपटूंना पगार व सवड दिली. एकाच साम्राज्याने दोन खंडांत ठेवलेला हा वारसा. फरक इतकाच की केनियाने त्यावर गावोगावच्या शाळांची आणि उंच पठारावरच्या सराव-शिबिरांची मोठी साखळी उभारली. आपण बराच काळ बराकीच्या दारापाशीच थांबलो.

१६/
दाराचा विषय निघालाच आहे, तर महार रेजिमेंटचा इतिहास सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. परंतु १८९० च्या दशकाच्या आरंभी ‘लढवय्या जाती’ या सिद्धान्ताच्या आधारे त्यांची भरती बंद करण्यात आली. पिढ्यान्पिढ्या मिळणारा पगार, पेन्शन आणि पलटणीच्या शाळेतले शिक्षण एका आदेशासरशी तुटले. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये याविरुद्ध अर्ज केले.

१७/
पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी केली गेली. युद्ध सरले तशी १९२१ मध्ये ती गुंडाळण्यातही आली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर असताना त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. कोठे? बेळगावात. चौगुले यांच्याच गावी. बाबासाहेब स्वतः सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र. महूच्या छावणीत जन्मलेले. हे दार बंद होणे म्हणजे काय, ते त्यांना घरातूनच ठाऊक होते.

१८/
एक गैरसमज होऊ नये. रेजिमेंटचे नाव ही आज जवानाच्या जातीची खूण नव्हे. महार रेजिमेंटमध्ये देशाच्या निरनिराळ्या भागांतील, निरनिराळ्या समाजांतील जवान असतात. मुद्दा एवढाच की २०१० नंतरच्या दशकात बीडच्या एका मुलाला जे दार उघडे मिळाले, ते आपोआप उघडलेले नव्हते. त्यासाठी अर्ज लिहिले गेले, ते फेटाळले गेले, पुन्हा लिहिले गेले. आमच्या छावणीच्या शेजारीच बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेले महाविद्यालय आणि नागसेनवनाचा परिसर आहे. बराक आणि वर्ग ही दोन्ही दारे त्यांनी एकाच वेळी ठोठावली होती.

१९/
आता पुन्हा साबळे यांच्याकडे. २०१५ मध्ये सहकाऱ्यांच्या आग्रहावरून ते सैन्यातील क्रॉसकंट्री शर्यतींत उतरले. नंतर दुखापत झाली, सराव थांबला आणि वजन बरेच वाढले. ते सुमारे वीस किलो वजन त्यांनी कठोर मेहनतीने उतरवले. शाळेसाठी धावणारा मुलगाही सराव सुटला की जड होतो, हे येथे दिसते. ‘उपजत’ म्हणून ज्याला आपण हात जोडतो, ते बहुधा आहार, विश्रांती आणि रोजचा सराव यांचे फळ असते. त्या तिन्ही गोष्टी त्यांना सैन्याने पुरवल्या.

२०/
लष्कराचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांची धाव हेरली आणि २०१७ मध्ये त्यांना स्टीपलचेसकडे वळवले. अडथळ्यांच्या शर्यतीत वेग आणि दम यांच्या जोडीला लय मोडून पुन्हा सावरण्याची क्षमता लागते. पस्तीस वेळा पावलांची लय तुटते, पस्तीस वेळा ती पुन्हा जुळवावी लागते. पुढच्याच वर्षी भुवनेश्वर घडले. तिथपासूनचा काळ वेगाने पाहू, कारण तेथे आकडेच पुरेसे बोलतात.

२१/
ऑक्टोबर २०१९, दोहा, जागतिक स्पर्धा. पात्रता फेरीत इतर धावपटूंच्या पडझडीमुळे साबळे यांची वाट अडली. तरीही त्यांनी ८ मिनिटे २५.२३ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. पण अंतिम फेरी हुकली. भारतीय महासंघाने आक्षेप नोंदवला, तो मान्य झाला आणि त्यांना अंतिम फेरीत जागा मिळाली. तीन दिवसांनी त्यांनी ८ मिनिटे २१.३७ सेकंदांत शर्यत संपवली. क्रमांक तेरावा, पण टोकियो ऑलिंपिकची पात्रता पक्की. १९५२ च्या हेलसिंकीतील गुलझारा सिंग मान यांच्यानंतर या शर्यतीसाठी पात्र ठरलेले ते पहिले भारतीय पुरुष.

२२/
टोकियोत, जुलै २०२१ मध्ये, त्यांनी ८ मिनिटे १८.१२ सेकंद अशी वेळ दिली. पुन्हा राष्ट्रीय विक्रम, आणि पुन्हा अंतिम फेरीने हुलकावणी दिली. त्यांच्या हीटमध्ये ते सातवे आले. विशेष म्हणजे तिसऱ्या हीटमधल्या पहिल्या तिघांपेक्षा त्यांची वेळ सरस होती. पण ते तिघे क्रमांकावर थेट पुढे गेले. नियम नियमच असतो. त्यात अन्याय शोधण्यात अर्थ नाही; जगाच्या दारात आपण किती जवळ उभे आहोत, एवढे मात्र त्यातून कळले.

२३/
६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा. १९९८ ते २०१८ या सहा स्पर्धांत पुरुषांच्या स्टीपलचेसची तिन्ही पदके प्रत्येक वेळी केनियाकडे गेली होती. या वेळी साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरे आले. विजेते केनियाचे अब्राहम किबिवोट यांची वेळ होती ८ मिनिटे ११.१५ सेकंद. अंतर पाच शतांश सेकंदांचे. जमिनीवर मोजले तर एका पावलाहूनही कमी. १९९४ नंतर या शर्यतीत केनियाबाहेरच्या धावपटूला मिळालेले हे पहिले पदक. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

२४/
१ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई स्पर्धा. साबळे यांनी आरंभीच आघाडी घेतली आणि ती कुणाला परत दिली नाही. ८ मिनिटे १९.५० सेकंद, स्पर्धेचा नवा विक्रम आणि सुवर्णपदक. आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्ण भारताला प्रथमच मिळाले. तीन दिवसांनी पाच हजार मीटरमध्ये त्यांनी रौप्यही मिळवले. त्याआधी पाच हजार मीटरचा बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा राष्ट्रीय विक्रम त्यांनी २०२२ मध्ये मोडला होता, तर २०२० मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पुरी केली होती.

२५/
७ जुलै २०२४, पॅरिस, डायमंड लीग : ८ मिनिटे ०९.९१ सेकंद. दहाव्यांदा राष्ट्रीय विक्रम. महिन्याभराने त्याच शहरात ऑलिंपिकची अंतिम फेरी. या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले. ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावे आले. २०१८ ते २०२४ या सहा वर्षांत त्यांनी स्वतःच्या वेळेतून सुमारे वीस सेकंद कमी केले. भुवनेश्वरचे साबळे आणि पॅरिसचे साबळे एकाच शर्यतीत धावले असते, तर पहिले दुसऱ्यांच्या शंभर मीटरहून अधिक मागे राहिले असते.

२६/
मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचे सुवर्ण त्यांनी जिंकले. १९८९ मध्ये दीना राम यांनी ते पटकावल्यानंतर छत्तीस वर्षांनी. आणि लगेच जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत ते पडले; गुडघ्याच्या अस्थिबंधाला गंभीर इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली. सातशे-आठशे मीटरची चूक सावरता येते, गुडघ्याची नाही. या शर्यतीत अडथळा हलत नाही, हे आपण तिसऱ्या भागात पाहिलेच आहे.

२७/
आता आरंभीच्या प्रश्नाकडे. साबळे यांच्या आयुष्यातून फक्त एक गोष्ट वजा करून पाहा : भरती. मग पगार गेला, खुराक गेला, क्रॉसकंट्रीचा संघ गेला, अमरीश कुमार गेले. उरतो मांडव्याचा एक काटक तरुण आणि भट्टीवरच्या विटा. पाय तेच, फुप्फुसे तीच. १९२० मध्ये टाटांनी पुण्यात जे पाहिले, त्याहून हे चित्र फारसे वेगळे नाही. सदतीस वर्षे विक्रम टिकला, याचा अर्थ सदतीस वर्षांत तसा धावपटू जन्मला नाही असा घेण्याचे कारण नाही. जन्मलेल्यांपैकी फार थोडे योग्य दारापाशी पोहोचले, असा अर्थ मला अधिक सयुक्तिक वाटतो.

२८/
हे दार अर्ध्या समाजाला तर दीर्घकाळ उपलब्धच नव्हते. सातारा जिल्ह्यातील माण तालुका हाही दुष्काळी. तेथल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. साबळे यांच्या आठ वर्षे आधी. त्यांना आधार होता रेल्वेच्या नोकरीचा. नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य मिळवले; त्यांना नोकरी दिली एका सरकारी तेल कंपनीने. बराकीचे दार नसेल तर मुलींना दुसरे एखादे सरकारी दार शोधावे लागते. ते न सापडलेल्यांची नोंद कोठेच नसते.

२९/
आणि अकराव्या भागातला तो तपशील आठवा. साबळे २०१३ मध्ये सियाचिनवर होते. पहिला राष्ट्रीय विक्रम २०१८ चा. म्हणजे जवान ते विक्रमवीर या प्रवासाला किमान पाच वर्षे लागली आणि त्यांतली पहिली दोन-तीन वर्षे ते खेळाडूच नव्हते. २०२२ पासून अग्निपथ योजनेत सेवेचा काळ चार वर्षांचा आहे आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होतात. सैन्य खेळाडूंची स्वतंत्र भरतीही करते, पण ती आधीच ओळखल्या गेलेल्या गुणांची. सियाचिनवरून उतरल्यावर उशिरा उमलणाऱ्या धावपटूला चार वर्षे पुरतील का, हा प्रश्न केवळ सैन्यधोरणाचा नाही, क्रीडाइतिहासाचाही आहे.

३०/
यावर कुणी म्हणेल, सैन्याने पदके जिंकून देण्याचा ठेका घेतलेला नाही. मान्य. म्हणूनच तर दुसरी दारे हवीत. तालुक्याच्या गावी साधा मातीचा ट्रॅक, पगारी मार्गदर्शक, शाळेत दूध-अंडी, आणि सोळाशे मीटरपुढेही धावू पाहणाऱ्या मुलाची वेळ टिपून ठेवणारा कुणीतरी. पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट २००१ पासून जे मूठभर निवडक खेळाडूंसाठी करते, त्याचा एक अंश जरी आष्टीला, माणला, सुरगाण्याला पोहोचला, तरी पुढच्या विक्रमासाठी सदतीस वर्षे थांबावे लागणार नाही.

३१/
शेवटी एक विनंती. चौगुले यांच्याविषयी आपल्याला जेमतेम काही ओळी माहीत आहेत, कारण त्यांच्या काळी कुणी नोंदी जपल्या नाहीत. आपल्या तालुक्यात, जत्रेतल्या शर्यतीत, पोलीस वा सैन्य भरतीत, शाळेच्या क्रीडादिनी नाव गाजवलेली माणसे आजही हयात असतील. त्यांच्याकडची प्रमाणपत्रे, छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे पाहा. वर्ष, ठिकाण, वेळ टिपून घ्या आणि येथे उत्तरात लिहा. माणूस हयात असेल तर त्याची परवानगी आधी घ्या. पुढच्या थ्रेडसाठी मी त्या नोंदी तालुकावार लावून ठेवीन.